विश्लेषण : मोफत वेबसाइट बनवणे सोपे, पण ती कोणाच्या नावावर?

दिवाळी फराळाच्या ऑर्डर घेणारा बचत गट, सदाशिव पेठेतली मेस, कोथरूडमधले शिकवणी वर्ग, गणेश मंडळ, गृहनिर्माण सोसायटी… प्रत्येकाला कधी ना कधी ‘आपली एक वेबसाइट हवी’ असे वाटतेच. पूर्वी त्यासाठी ओळखीतला इंजिनीअर मुलगा शोधावा लागे. आता कोडची एक ओळही न लिहिता, माउसने चौकट ओढून, फोटो टाकून, मजकूर टाइप करून पान तयार करता येते. ही साधने मोफत मिळतात. ती वापरावीत का? जरूर वापरावीत. पण साधन निवडताना सगळे विचारतात, ‘किती सोपे आहे?’ खरा प्रश्न वेगळा आहे: उद्या हे साधन सोडायची वेळ आली, तर हाती काय राहील? भाड्याचा फ्लॅट घेताना अकरा महिन्यांच्या कराराचे प्रत्येक कलम वाचणारे आपण, इथे मात्र ‘आय अ‍ॅग्री’वर न वाचताच क्लिक करतो.

मार्च २०२४ मध्ये काय झाले?

जानेवारी २०१७ मध्ये गूगलचे मुख्य कार्यकारी अधिकारी सुंदर पिचाई दिल्लीत आले होते. छोट्या व्यावसायिकांना मोफत वेबसाइट बनवून देणारी सुविधा त्यांनी तेव्हा जाहीर केली. कल्पना उत्तम होती. गूगल मॅपवर दुकानाची नोंद असली, की तिथलाच पत्ता, वेळा, फोटो आणि फोन नंबर घेऊन काही मिनिटांत एक साधे पान तयार होई. संगणकाचीही गरज नव्हती, मोबाइल पुरे होता. पानाच्या पत्त्याच्या शेवटी ‘बिझनेस डॉट साइट’ असे येत असे.

मार्च २०२४ मध्ये गूगलने ही सुविधा बंद केली. त्या पत्त्यावर येणाऱ्यांना १० जूनपर्यंत दुकानाच्या गूगलवरील नोंदीकडे वळवले गेले. त्यानंतर तो पत्ता कायमचा निकामी झाला. कंपनीने आधी सूचना दिली होती आणि दुसरीकडे पान बनवण्याचे पर्यायही सुचवले होते. त्यामुळे फसवणूक झाली असे म्हणता येणार नाही. पण ज्यांनी तो पत्ता व्हिजिटिंग कार्डावर, पिशवीवर, दुकानाच्या पाटीवर छापला, त्यांच्या हाती काय उरले? गूगलने दिलेला पत्ता गूगलने परत घेतला. दुकान जागेवर, मालक जागेवर. फक्त पत्ता नाहीसा झाला.

असे पहिल्यांदाच घडले का?

नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या जिओसिटीज या सेवेने सामान्य माणसाला मोफत वेबपान दिले. तिथे पानांच्या ‘वस्त्या’ होत्या आणि प्रत्येक पानाला घर क्रमांक असे. १९९९ मध्ये याहूने ती विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेतली सेवा बंद केली. लोकांनी हौसेने बनवलेली असंख्य पाने त्यात गेली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जी साठवली, तेवढी वाचली. गूगलच्याच ‘साइट्स’ या साधनाची जुनी आवृत्ती २०२१ मध्ये गुंडाळली गेली आणि पान टिकवायचे असणाऱ्यांना नव्या आवृत्तीत जावे लागले.

मोफत सेवा वाईट असते, असा याचा अर्थ नाही. ती चालवणाऱ्याला परवडेल तोवर ती चालते. त्या हिशेबात आपल्याला मत नसते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

ही साधने नेमके काय करतात?

कोणतेही वेबपान म्हणजे मुळात एक मजकुराची फाइल. शीर्षक कोणते, परिच्छेद कोणता, फोटो कुठे हे एचटीएमएल या भाषेत लिहिलेले असते. रंग, अक्षराचा आकार आणि मोकळी जागा सीएसएस ठरवते. दृश्य साधन, म्हणजे ‘व्हिज्युअल बिल्डर’, हे लिखाण तुमच्या वतीने करते. तुम्ही बटण उजवीकडे ओढता, ते मागे कोड बदलते. ‘जे दिसते तेच मिळते’ ही कल्पना जुनी आहे. मायक्रोसॉफ्टचे फ्रंटपेज आणि मॅक्रोमीडियाचे ड्रीमवीव्हर ही नव्वदच्या दशकातली नावे अनेकांना सायबर कॅफेतल्या किंवा कॉम्प्युटर क्लासच्या दिवसांमुळे आठवत असतील.

नवशिक्याने यातला एकच फरक नीट समजून घ्यावा. साधने दोन जातींची असतात. पहिल्या जातीची तुमच्या संगणकावर चालतात आणि शेवटी फाइल तुमच्या हाती देतात. ती फाइल कोणत्याही सर्व्हरवर ठेवा, पान उघडेल. दुसऱ्या जातीची ब्राउझरमध्ये, कंपनीच्या सर्व्हरवर चालतात. पान तिथेच बनते आणि तिथेच राहते. मेसच्या भाषेत सांगायचे, तर पहिली डबा भरून देतात, दुसरी ताट वाढतात. ताटातले जेवण गरम आणि आयते असते, पण ते ताट मेसबाहेर नेता येत नाही.

कोणते साधन कोणासाठी?

गूगल साइट्स हे सुरुवातीसाठी सर्वांत सोपे. जीमेल खाते असले की झाले. जाहिराती नसतात आणि स्वतःचा पत्ता जोडता येतो. सोसायटीच्या सूचना, मंडळाचे कार्यक्रम, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचे संमेलन यासाठी ते पुरेसे आहे. सजावटीला मर्यादा आहेत, पण नवशिक्यासाठी तो फायदाच समजावा. एक धोका मात्र आहे. पान ज्या खात्यातून बनवले, त्या खात्याशी ते बांधलेले असते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकते. मंडळाचा सचिव बदलला आणि पासवर्ड त्याच्याबरोबर गेला, तर पानही आज ना उद्या जाणार.

विक्स हे इस्रायली कंपनीचे साधन दिसायला देखणे आहे आणि तयार नमुने पुष्कळ देते. मोफत योजनेत पानावर विक्सची जाहिरात असते आणि पत्त्यातही त्यांचे नाव असते. महत्त्वाचे म्हणजे, विक्सवर बनवलेली वेबसाइट उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही, हे कंपनी स्वतःच सांगते. सोडायचे ठरले, तर मजकूर नक्कल करून सगळे पहिल्यापासून उभारायचे.

वर्डप्रेसबाबत सर्वाधिक गोंधळ होतो, कारण त्या नावाच्या दोन गोष्टी आहेत. ‘वर्डप्रेस डॉट कॉम’ ही कंपनीची सेवा आहे; मोफत योजनेत जाहिराती आणि त्यांचे नाव असलेला पत्ता मिळतो. ‘वर्डप्रेस डॉट ऑर्ग’वर मिळते ते २००३ पासूनचे मुक्त सॉफ्टवेअर. ते कोणीही उतरवून, कोणत्याही सर्व्हरवर चालवावे. जगातल्या दर दहा वेबसाइटपैकी सुमारे चार त्यावर चालतात. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीपासून त्यात चौकटी रचून पान बनवण्याची सोय आहे. पुण्याचे या सॉफ्टवेअरशी जुने नाते आहे. वर्डप्रेसवर काम करणाऱ्या कंपन्या शहरात आहेत आणि वर्डप्रेस वापरणाऱ्यांचे ‘वर्डकॅम्प’ मेळावेही इथे भरले आहेत. त्यामुळे अडले तर विचारायला माणूस मिळतो. सॉफ्टवेअर मोफत असले, तरी सर्व्हरची जागा मात्र विकत घ्यावी लागते आणि वेळोवेळी अद्ययावतही करावे लागते. ते न करणाऱ्यांच्या वेबसाइट हॅक होतात.

डबा भरून देणाऱ्या साधनांत पब्ली हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालते. मजकूर तुमच्या संगणकावर राहतो आणि तयार फाइल बाहेर पडतात. त्या गिटहब पेजेससारख्या मोफत जागेवर ठेवता येतात. पहिल्या दिवशी थोडे डोके लावावे लागते. नंतर मात्र कोणाच्या योजनेवर अवलंबून राहावे लागत नाही.

जुन्या मोफत साधनांची नावे अजूनही सुचवली जातात. कॉम्पोझर नावाचे एक लोकप्रिय साधन २०१० नंतर पुढे सरकलेच नाही. मायक्रोसॉफ्टने एक्स्प्रेशन वेब २०१२ मध्ये मोफत केले, ते त्याचा पुढचा विकास थांबवतानाच. या साधनांच्या काळात पान मोठ्या पडद्यासाठी बनत असे. आज बहुतेक गिऱ्हाईक मोबाइलवरून येते. तिथे अक्षरे मुंगीएवढी दिसली, तर ते दोन सेकंदांत परत जाते.

मराठी पानाचे काय?

इथे नवशिक्याची खरी परीक्षा होते आणि इंग्रजी मार्गदर्शक व्हिडिओ त्याबद्दल काहीच सांगत नाहीत. पुण्यातल्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी हे मराठी डीटीपीतले घरोघरी पोहोचलेले नाव. पत्रिका, अहवाल, दिवाळी अंक यांचा मोठा साठा अशा फाँटमध्ये पडून आहे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर जसाच्या तसा वेबपानावर चिकटवला, की ‘ØmZr’सारखी चिन्हे उमटतात, कारण त्या फाँटमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असतात. वेबसाठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. मजकूर जुना असेल, तर आधी रूपांतर करा. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांखालून घाला.

यावर अनेक जण सोपा उपाय शोधतात: मजकुराचे चित्र करून तेच पानावर लावतात. देखणे दिसते, पण शोधयंत्राला चित्रातला मजकूर नीट हाताळता येईलच असे नाही. अंध वाचकाचे वाचून दाखवणारे सॉफ्टवेअरही तिथे गप्प बसते. ‘पुण्यात घरगुती पुरणपोळी’ असा शोध घेणाऱ्याला तुमचे पान सापडावे, असे वाटत असेल, तर पुरणपोळी हा शब्द चित्रात नको, मजकुरात हवा.

आणखी एक बारीक गोष्ट. पानाची भाषा ‘मराठी’ अशी नोंदवा. बरीच साधने ती इंग्रजी धरून चालतात. भाषा चुकीची असली, की वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर गोंधळते. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीहून वेगळी आहेत. काही देवनागरी फाँटमध्ये दोन्ही वळणे असतात आणि भाषा मराठी नोंदवली, की मराठी वळण आपोआप येते. वर्डप्रेसमध्ये सेटिंगमध्ये जाऊन वेबसाइटची भाषा मराठी करता येते.

आधी कोडिंग शिकायला हवे का?

इंजिनीअरिंगच्या वर्गांत ‘ड्रॅग अँड ड्रॉप’वाल्यांना थोडे हसण्याची रीत आहे. मी इंजिनीअर आहे, तरी ती रीत मला मान्य नाही. मेस चालवणाऱ्या काकूंना एचटीएमएल यावे, ही अपेक्षा म्हणजे गाडी चालवण्याआधी इंजिन खोलायला लावणे. पान बनले, ते खरे आहे आणि वाचता येते, एवढे पुरे.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. शीर्षक, परिच्छेद, दुवा, चित्र आणि यादी या पाच गोष्टींचे एचटीएमएल एका दुपारी समजते. ते समजलेला माणूस बिल्डरचा गुलाम राहत नाही. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात एचटीएमएल आहेच. म्हणजे तुमच्या इमारतीत ते शिकलेले एखादे मूल असण्याची शक्यता बरीच आहे.

आता वर्णन लिहून दिले, की पान तयार करून देणारी एआय साधनेही आली आहेत. त्यांनाही हाच प्रश्न लागू. फाइल हाती देतात, की स्वतःकडे ठेवून घेतात? आणि उद्या फोन नंबर बदलायचा झाला, तर तो तुम्हाला बदलता येईल का?

इन्स्टाग्राम असताना वेबसाइट कशाला?

हा आक्षेप खोटा नाही. फराळाच्या ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर सापडते. अनेकांचे तेवढ्यावर उत्तम चालते. पण तिथला मजकूर वाहता असतो. गेल्या महिन्यात टाकलेले दरपत्रक आज खाली गेलेले असते. खाते बंद पडले किंवा हॅक झाले, तर दाद मागायला खिडकी नसते. वेबसाइटने समाजमाध्यमाची जागा घ्यायची नाही. ती दुकानाच्या पाटीचे काम करते. नाव, पत्ता, वेळा, दर, फोन. दुपारी एक ते चार बंद असेल, तर तेही. ही पाटी एका जागी आणि कायम दिसली पाहिजे.

मग करायचे काय?

पहिले काम: पत्ता, म्हणजे डोमेन, स्वतःच्या नावाने विकत घ्या. ‘डॉट इन’ असा पत्ता वर्षाला साधारण ५०० ते १,००० रुपयांत मिळतो. पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर आधी पाहा. देवनागरीत ‘डॉट भारत’ पत्तेही २०१४ पासून मिळतात. पण सगळ्या सेवा ते नीट स्वीकारत नाहीत, म्हणून ते जोडीला ठेवणे बरे. माझ्या मते या साऱ्या व्यवहारात पैसे खर्च करण्याजोगी गोष्ट हीच. साधन मोफत असू द्या, पत्ता स्वतःचा हवा. उद्या साधन बंद पडले, तर दुसरीकडे पान बनवून तोच पत्ता तिकडे वळवता येतो. कार्ड, पाटी, पिशवी यांवरचे काहीच बदलावे लागत नाही. एक अडचण आहे: अनेक बिल्डर स्वतःचा पत्ता जोडायला पैसे मागतात. म्हणून निवड करताना हीच अट सर्वांत आधी तपासा.

दुसरे: डोमेन कोणाच्या ईमेलवर नोंदवले आहे, ते पाहा. काम करून देणाऱ्या मुलाच्या किंवा एजन्सीच्या नावावर पत्ता असतो आणि पुढे तो फोन उचलत नाही, ही तक्रार या व्यवसायात नवी नाही. संस्थेसाठी वेगळा ईमेल काढा. पासवर्ड किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे असू द्या आणि नवी समिती आली, की चाव्यांच्या जुडग्याबरोबर तोही द्या.

तिसरे: मूळ मजकूर आणि फोटो एका फोल्डरमध्ये स्वतःकडे ठेवा. बिल्डर ही प्रत बाहेर देत नसेल, तर हेच तुमचे बॅकअप. बाहेर देत असेल, तर पहिल्याच आठवड्यात एकदा उतरवून पाहा. बाहेर पडायचा दरवाजा आत शिरतानाच उघडून बघावा.

चौथे: मोबाइलवर, तोही साध्या मोबाइलवर, पान उघडून पाहा. फोनने काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो लहान करून टाका. पाचवे: सोसायटीच्या पानावर सभासदांचे फोन नंबर किंवा मंडळाच्या पानावर देणगीदारांची यादी टाकण्याआधी त्यांना विचारा. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. पण कायद्याआधी साधा शिष्टाचारही तेच सांगतो.

हे शिकवणार कोण?

एमएस-सीआयटीने या राज्यातल्या सामान्य माणसाला संगणकासमोर बसवले. तो अभ्यासक्रम चालवणाऱ्या एमकेसीएलचे मुख्यालय पुण्यातच आहे. टाइप करणे, तक्ता बनवणे, ईमेल पाठवणे हे कौशल्य तेव्हा मोठे होते. आज त्याच्या शेजारी हे बसायला हवे: स्वतःचा पत्ता घेणे, पान बनवणे, ते एका सेवेतून दुसरीकडे हलवणे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र प्रकल्प आणि समाज सहभागाचे काम करावे लागते. एका विद्यार्थ्याने एका बचत गटाचे, एका वाचनालयाचे, एका दुकानाचे पान उभे करावे आणि जाताना पत्ता, पासवर्ड, फोल्डर त्यांच्या हाती द्यावे. गुण पानाच्या सजावटीला देऊ नयेत. सहा महिन्यांनी दुकानदाराला स्वतःला दर बदलता आला का, यावर द्यावेत.

मोफत साधनांनी वेबसाइट बनवणे सर्वांच्या आवाक्यात आणले, हे मोठे काम झाले. ती टिकवणे मात्र अजून सर्वांच्या आवाक्यात आलेले नाही. त्यासाठी लागणारा खर्च वर्षाला दोन-चार मिसळींएवढा आणि लागणारी सावधगिरी भाडेकराराइतकीच आहे. तेव्हा आज संध्याकाळी बिल्डर उघडून रंग निवडायला बसण्याआधी पत्ता कोणाच्या नावावर होणार, तेवढे ठरवा. रंग नंतरही बदलता येतात.